नाडी अडखळते आहे



आपल्या समूहावर मधे कुणीतरी ग्वाल्हेरच्या आपल्या वैद्य आजोबांची आठवण लिहिली होती. त्यावरून आमच्याकडे घरात वाद झाला, की नाडी बघून खरोखर काही कळतं का? मी कॉमर्सचा माणूस. आयुष्यभर बँकेत दुसऱ्याची खाती तपासली, वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण या विषयात माझ्या पदरी दोन प्रसंग आहेत, एक 1968 चा इंदूरचा आणि दुसरा 2018 चा सिंगापूरचा. मधे पन्नास वर्षं गेली, तरी दोन्हीकडे वाक्य एकच होतं. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी सिंगापूरचं सांगतो, कारण इंदूरचं मला तिथेच आठवलं.

मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला. नातीच्या शाळेला सुट्ट्या, म्हणून आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी गेलो होतो. माझं वय तेव्हा एकोणसत्तर. ब्लड प्रेशरची गोळी दहा वर्षांपासून चालू, बाकी तब्येत ठणठणीत (असं मीच सगळ्यांना सांगत असे). तक्रार होती ती आमच्या सौ.ची. तिला झोप येत नसे. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत कूस बदलणं. इंदुरात झोपेच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी डोकं जड होई, म्हणून तिनं त्या सोडल्या.

मुलीच्या शेजारी एक चिनी बाई राहायच्या, साठीच्या पुढच्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो, त्या मला अंकल. भाषा फार जुळत नव्हती, पण लिफ्टपाशी भेटल्या की दोघींच्या तब्येतीच्या गप्पा सुरू. त्यांनी सौ.च्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि मुलीला म्हणाल्या, "आईला सिनसेकडे ने." सिनसे म्हणजे चिनी वैद्य. सिंगापुरात ही काही लपूनछपून चालणारी विद्या नाही. 2000 साली तिथे यासाठी कायदा झाला, परीक्षा देऊन नोंदणी असल्याशिवाय कुणाला धंदा करता येत नाही. चायनाटाऊनजवळ यू तोंग सेन स्ट्रीटवर थोंग चाय या धर्मादाय संस्थेची जुनी इमारत आहे. संस्था 1867 ची, इमारत 1892 ची. जात, धर्म, वंश न बघता गरिबांना मोफत तपासणं आणि औषध देणं हा तिचा नेम. 1973 मध्ये सरकारनं त्या इमारतीला राष्ट्रीय स्मारक केलं. मुलीनं बसमधून ती दाखवली तेव्हा मला जरा विश्वास वाटला. दीडशे वर्षं टिकलेलं खातं म्हटल्यावर बँकवाल्याचा हात नमस्काराला जातोच.

तर आंटींबरोबर आम्ही त्यांच्या ओळखीच्या सिनसेकडे गेलो. पुढे औषधांचं दुकान, भिंतभर लाकडी खण, मागे पडद्याआड वैद्य. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात येतो तसाच वास, फक्त थोडा गोडसर. सिनसे सत्तरी ओलांडलेले, आवाज अगदी हळू. टेबलावर छोटी उशी. सौ.चा हात त्यांनी त्या उशीवर ठेवला आणि मनगटावर तीन बोटं टेकवली.

आपल्या वैद्यांचीही तीनच बोटं असतात. पण आपल्याकडे तीन बोटांखाली वात, पित्त, कफ. सापासारखी सरपटणारी नाडी वाताची, बेडकासारखी उड्या मारणारी पित्ताची, हंसासारखी संथ चालणारी कफाची. चिनी हिशेब निराळा आहे. त्यांच्या तीन जागांना त्सुन, ग्वान आणि छी म्हणतात आणि प्रत्येक जागी एकेक अवयव बसवलेला. डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हातावर फुफ्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. शिवाय प्रत्येक जागी तीन थरांत दाबून बघायचं, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल. म्हणजे एका मनगटावर नऊ नोंदी. तिसऱ्या शतकातल्या वांग शूहे या वैद्यानं 'माइजिंग' नावाचा नाडीवरचा ग्रंथ लिहिला, त्यात चोवीस प्रकारच्या नाड्या आहेत. सोळाव्या शतकात ली शिझेननं त्या सत्तावीस केल्या. वर्णनंही मजेदार. एक नाडी ताटलीत मोती घरंगळावेत तशी, एक ताणलेल्या तारेसारखी, एक पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडासारखी, दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी फक्त घड्याळ बघत होतो, की हा माणूस किती वेळ हात धरून बसणार!

मग जीभ बघितली. मग प्रश्न. तोंड कडू पडतं का? राग येतो का? स्वप्नं फार पडतात का? बरगड्यांखाली दडस वाटतं का? आंटी इंग्रजीत सांगणार, मुलगी मराठीत. रागाच्या प्रश्नावर सौ.नं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येतो. कुणामुळे ते नको विचारू म्हणावं." शेवटी सिनसे म्हणाले, लिव्हरचा प्रवाह अडकला आहे.

लिव्हर म्हटल्यावर घरी एकच हलकल्लोळ. मुलीनं दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतलं. लिव्हरचे सगळे आकडे नॉर्मल. मी म्हणालो, "झालं! पहिल्याच एन्ट्रीत चूक."

चूक माझी होती, हे पुढे कळलं. चिनी वैद्य 'लिव्हर' म्हणतो तेव्हा पोटातल्या त्या अवयवाला सूज आली असं त्याला म्हणायचं नसतं. ते एका खात्याचं नाव समजा. राग, दाबलेला वैताग, अंगातला प्रवाह मोकळा ठेवणं, डोळे, हे सगळं त्या खात्यात जमा. आपल्या खतावणीत 'किरकोळ' खात्यात झाडूपासून चहापर्यंत सगळं येतं, तसं. प्रयोगशाळेचं लिव्हर आणि सिनसेचं लिव्हर यांची वहीच वेगळी, मग ताळा कसा जुळणार?

सिनसेंनी औषधाच्या पुड्या दिल्या. आम्ही उठणार, तेवढ्यात त्यांनी मला खूण केली, हात द्या. सोबत आलेल्या नवऱ्याचाही हात बघायचा ही त्यांची पद्धत असावी. मी हसत हात दिला. डावा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा. मग आंटींना काहीतरी हळूच सांगितलं. आंटींचं इंग्रजी मोजकं. त्या म्हणाल्या, "अंकल पल्स वॉक, स्टॉप. वॉक, स्टॉप."

मी म्हणालो, "वय झालं, चालून चालून थांबणारच." सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

आता मंडळी, माझ्या स्वभावातली खोड सांगतो. बँकेत असताना शाखांच्या तपासणीचं काम मी बरीच वर्षं केलं. तपासणीचा साधा नियम असा, की एकच वही दोन माणसांनी वेगवेगळी तपासली आणि दोघांचा शेरा एकच आला, तर शेऱ्यावर भरवसा ठेवायचा. शेरे वेगळे आले तर वहीत नाहीतर तपासणाऱ्यात काहीतरी गडबड आहे. हा नियम मी चिनी नाडीला लावायचं ठरवलं. दोन आठवड्यांनी मुलीच्या मागे लागून दुसऱ्या एका दवाखान्यात वेळ घेतली. तिथली वैद्य तरुण बाई होती, चाळिशीच्या आतली, इंग्रजी उत्तम. पहिल्या सिनसेचं नाव, निदान, काही सांगायचं नाही अशी मी घरच्यांना ताकीद दिली. सौ. म्हणाली, "अहो, मी काय तुमची कर्जदार पार्टी आहे का?" पण आली.

तीच उशी, तीच तीन बोटं, तीच जीभ. प्रश्न मात्र थोडे वेगळे. भूक कशी आहे? विसरायला होतं का? छातीत धडधडतं का? डोक्यात सारखे विचार चालू असतात का? सौ. सगळ्याला हो म्हणत गेली. निदान आलं, हृदयाचं रक्त कमी आणि प्लीहा दुबळी. अति विचारानं प्लीहा थकते असं त्यांच्या शास्त्रात आहे. त्यावर तेराव्या शतकापासून चालत आलेला एक काढा, त्याचं नाव 'ग्वेई पी तांग', म्हणजे प्लीहेला जाग्यावर आणणारा.

मी वही काढली आणि लिहिलं, 'तपासणी क्र. 1: लिव्हर. तपासणी क्र. 2: हृदय व प्लीहा. निष्कर्ष: जुळत नाही.' फार समाधान झालं.

बाईंना मी स्पष्टच विचारलं, की तक्रार एक, माणूस एक, मग दोन निदानं कशी? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे 'झोप येत नाही' हा रोग नव्हेच, ती फक्त तक्रार. मागे साचा कुठला आहे ते शोधायचं. रागीट, तोंड कडू, जिभेच्या कडा लाल, तारेसारखी ताठ नाडी, हा एक साचा. फिकट जीभ, भूक नाही, विसरभोळेपणा, बारीक दुबळी नाडी, हा दुसरा. रात्री घाम, तळहात-तळपाय गरम, जीभ लाल आणि कोरडी, बारीक पण जलद नाडी, हा तिसरा. तिघांची झोप गेलेली, पण औषधं तीन. आणि उलटही होतं, रोग वेगळे असून साचा एकच निघाला तर औषध एकच. साचा बदलतोही, आजचा मी आज बघितला, तेव्हाचा त्यांनी तेव्हा बघितला असेल.

उत्तर नम्र होतं, पण माझ्यातल्या ऑडिटरला पटलं नाही. दर पंधरा दिवसांनी ताळेबंद बदलणार असेल तर तो चूक की बरोबर हे ठरवायचं कसं? हा प्रश्न माझा आजही तसाच आहे. सौ.ची झोप पुढे सुधारली हे खरं. पण ती काढ्यानं, की संध्याकाळचा चहा बंद केल्यानं, की नात शेजारी झोपायला लागली म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिला विचारलंत तर ती नातीचं नाव घेईल.

मग मी शेवटचा डाव टाकला. माझा हात पुढे केला आणि म्हणालो, "आता माझीही बघा." पहिल्या सिनसेनं काय सांगितलं ते अर्थातच सांगितलं नाही. बँकेत याला आम्ही अचानक तपासणी म्हणायचो.

बाईंनी डावा हात उशीवर घेतला. पहिली काही सेकंदं त्या सौ.शी बोलत होत्या. मग बोलणं थांबलं. डोळे मिटले. खोलीत एसीचा आवाज तेवढा. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. उजवा हात. पुन्हा डावा. मग त्यांनी कानाला नळी लावून छातीही ऐकली.

"जिना चढताना दम लागतो?"

"या वयात कुणाला नाही लागत?"

"गेल्या वर्षी एवढाच लागायचा?"

मी गप्प. इंदुरात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दिवाळीपासून मी मधल्या जिन्यावर उभा राहायला लागलो होतो. खिशातल्या किल्ल्या शोधतोय असं दाखवायचं, म्हणजे शेजारी बघत नाहीत.

"हृदयाची पट्टी कधी काढली होती?"

"पाचेक वर्षं झाली असतील."

त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्नीच्या बाबतीत मी जे सांगितलं त्यात दुसऱ्या वैद्याचं मत वेगळं असू शकतं. हे तसं नाही. तुमची नाडी अडखळते आहे. कधी लवकर येते, कधी उशिरा, कधी एखादा ठोका येतच नाही. त्यात काही क्रम नाही. आज डॉक्टरकडे जा आणि ईसीजी काढा."

मुलीनं ते मराठीत सांगायची गरज नव्हती, पण तिनं सवयीनं सांगितलं. "बाबा, त्या म्हणतायत नाडी अडखळते आहे."

आणि माझ्या तोंडून लगेच उत्तर गेलं, "बरं, ट्रिप संपू दे. इंदूरला गेल्यावर बघू."

मंडळी, हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. शब्द माझे नव्हते, अण्णांचे होते.

आता 1968. आम्ही तेव्हा रामबागेत राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, आधी होळकर संस्थानच्या आणि मग सरकारी हिशेब कार्यालयात. वय एक्कावन्न. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या गल्लीत एक वैद्य होते, पांढरं धोतर, काळी टोपी, ओसरीवर बैठक. आजी त्यांच्याकडून संधिवाताचं तेल आणायची. एकदा मार्चच्या सुरुवातीला अण्णा आजीबरोबर गेले होते, मी पिशवी धरायला. वैद्यबुवांनी सहज अण्णांचा हात धरला. पुरुषाचा उजवा बघतात, तसा उजवा. बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाले, "अण्णा, नाडी अडखळते आहे. माझ्याकडे याच्यावर पुडी मागू नका. उद्या एम.वाय.मध्ये जा आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

अण्णा म्हणाले, "मार्च संपू दे."

हिशेबाच्या कचेरीत मार्च म्हणजे काय, हे बँकवाल्याला नव्यानं सांगायला नको. अण्णा रात्री दहापर्यंत कंदिलाच्या वेळेसारखे वहीवर वाकलेले असायचे. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी ते दाढी करताना आरशासमोर खाली बसले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एम.वाय.ला नेलं ते टांग्यातून, आणि चौथ्या दिवशी आणलं ते खांद्यावरून. मार्च संपायला दोन दिवस राहिले होते.

अण्णांना नेमकं काय होतं हे मला कधीच कळणार नाही. नाडी अडखळत होती आणि अर्धांग झाला, एवढंच खरं. दोन्हींची गाठ मी आज बांधतो, तेव्हा कुणी बांधून दाखवली नव्हती. घरात तर उलटच झालं. आजी म्हणायची, वैद्यानं हात धरला आणि पोराला नजर लागली. तिनं त्यांचं तेल बंद केलं. मी वैद्यबुवांना रस्त्यात टाळू लागलो, मोठेपणी नाडीबिडी सगळं थोतांड म्हणू लागलो. ज्या एका माणसानं खरं सांगितलं, त्याच्यावरच आम्ही राग काढला. ही चूक माझ्या खात्यावर आहे आणि ती फेडायला ते आता हयात नाहीत.

सिंगापूरच्या त्या खोलीत हे सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी सौ.कडे बघितलं. तिला अण्णांची गोष्ट माहीत होती. ती एवढंच म्हणाली, "उठा."

तासाभरात जवळच्या डॉक्टरांकडे पट्टी निघाली. डॉक्टरांनी कागदावर बोट फिरवून दाखवलं, दोन शिखरांमधलं अंतर कुठेही सारखं नाही. नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. त्यामुळे तिथे रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांग. या विकारात अर्धांगाचा धोका साधारण पाच पट वाढतो. माझं वय आणि ब्लड प्रेशर त्यात भर घालत होते. त्याच संध्याकाळी रक्त पातळ राहण्याची गोळी सुरू झाली. इंदूरला आल्यावर बाकीच्या तपासण्या झाल्या. गोळी आजही चालू आहे. आता पंचाहत्तरी ओलांडली आणि हे स्वतःच्या बोटांनी टाईप करतोय, दोन्ही हातांच्या.

घरी येऊन अजून एक शोध लागला. आमच्या प्रेशरच्या मशीनवर वर्षभर एक छोटं बदामाचं चिन्ह लुकलुकत असे. मी समजत होतो बॅटरी उतरली. दोनदा सेल बदलले! माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, नाडी अनियमित असल्याची खूण. मशीन सांगत होतं, सिनसेंनी सांगितलं, मी दोघांनाही हसण्यावारी नेलं.

परत निघण्यापूर्वी मी त्या बाईंना भेटायला गेलो, पेढे घेऊन. विचारलं, "तुमच्या शास्त्रात या नाडीवर औषध नाही का?"

त्या म्हणाल्या, "आहे ना. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंगच्या ग्रंथात आहे. धडधड आणि थांबणारी नाडी असेल तर भाजलेल्या ज्येष्ठमधाचा काढा."

"मग मला का नाही दिलात?"

"ज्येष्ठमधानं प्रेशर वाढतं, तुमचं आधीच जास्त. आणि काढा दिला असता तर तुम्ही डॉक्टरकडे गेला असता का?"

मी काय बोलणार! त्यांनी आणखी एक बजावलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डांगग्वेई, डानशेन अशी चिनी मुळं डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाहीत, रक्तस्राव वाढू शकतो. सौ.च्या काढ्यात डांगग्वेई होतं. "एका घरात दोन पुड्या असतात, नावं घालून ठेवा," म्हणाल्या.

त्यांनीच मला नाडीचे तीन शब्द सांगितले. थांबणाऱ्या नाडीचे त्यांच्याकडे तीन प्रकार. जलद चालते आणि मधेच अवेळी थांबते ती त्सू. संथ चालते आणि अवेळी थांबते ती जिए. ठरावीक ठोक्यांनंतर नेमानं थांबते ती दाई. आणि हे कळायचं तर हात पुरेसा वेळ धरायला हवा. जुन्या ग्रंथांत पन्नास ठोके मोजायला सांगितले आहेत. झांग झोंगजिंगनं त्या काळातल्या वैद्यांवर टीका केली, त्यात हाही आरोप होता, की ही मंडळी पन्नास ठोके पुरे होईपर्यंतही थांबत नाहीत. घाई अठराशे वर्षांपूर्वीही होती म्हणायची. आपल्या शार्ङ्गधर संहितेतही थांबून थांबून चालणारी नाडी जिवाला घातक म्हटली आहे. आंटींच्या मोडक्या इंग्रजीत तेच होतं, वॉक, स्टॉप.

मग नाडीवरून कळतं की नाही? माझा शेरा लिहितो, कमी-जास्त वाटल्यास सांगा. दोन सिनसेंचं सौ.बद्दल एकमत झालं नाही. यकृत, प्लीहा, साचे यांची ती वही मी तपासू शकत नाही, म्हणून तिच्यावर सही करत नाही आणि तिला खोटीही म्हणत नाही. पण एका नोंदीवर तीन माणसांचं एकमत झालं, सिंगापूरचे दोघं आणि रामबागेतले आमचे वैद्यबुवा. ठोका वेळेवर येतो की नाही हे बोटाला कळतं, त्याला चिनी किंवा आयुर्वेदी असं काही नसतं. आणि मला मोठं वाटतं ते असं, की वैद्यबुवांकडेही पुडी होती आणि त्या बाईंकडेही काढा होता. दोघांनी तो न देता मोठ्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. आपल्या अधिकाराची मर्यादा कुठे संपते हे माहीत असलेला अधिकारी बँकेतही मी फार थोडा पाहिला.

आता एक काम करा. पाच मिनिटं शांत बसा. हात उताणा ठेवा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तीन बोटं टेकवा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. आकड्यापेक्षा ताल बघा. एखादा ठोका चुकला म्हणून लगेच घाबरू नका, तो बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. पण ताल सारखा मोडत असेल तर डॉक्टरकडे जाऊन पट्टी काढा. आपल्या वयाच्या मंडळींनी तर नक्कीच. आणि घरच्यांचाही हात धरा. सौ.चा हात मी पन्नास ठोके होईपर्यंत धरून बसलो असं लग्नानंतर पहिल्यांदा परवा झालं. ती म्हणाली, "काय, जुळला का ताळा?"

एवढंच सांगतो, ठोका अडखळत असेल तर मार्च संपायची वाट बघू नका.

रामबागेतल्या त्या वैद्यबुवांच्या घरातलं कुणी या समूहावर असेल तर त्यांना माझा नमस्कार. पन्नास वर्षं उशीर झाला.